आधी दारू की आधी आजार?

"माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. आयटीआय करून चाकणला कंपनीत लागला होता. सात वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले, लोक आपल्यावर नजर ठेवतात असं वाटू लागलं आणि तो नोकरी सोडून गावी आला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या कधी चालू, कधी बंद. चार वर्षांपासून रोज दारू पितो. सकाळी हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. मनोविकाराचे डॉक्टर म्हणतात, आधी दारू सोडवा, मग या. व्यसनमुक्ती केंद्रवाले म्हणाले, हा मानसिक पेशंट आहे, आम्ही घेत नाही. दुसऱ्या एका केंद्रानं घेतलं, पण त्याच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत तो इतका बिघडला की 'घेऊन जा' म्हणून फोन आला. आई जाहिरातीतून मागवलेली पावडर गुपचूप त्याच्या चहात घालते. चुलते म्हणतात, गोठ्यात साखळीनं बांधा. वडील नाहीत. मी लग्न होऊन कऱ्हाडला असते, दोन लहान मुलं आहेत. आधी कशावर उपचार करू? आणि त्याला कायमचं कुठे ठेवता येईल का?"
एक बहीण, सातारा जिल्हा

ताई,

आधी चहातल्या पावडरीबद्दल लिहिते. बाकीच्या गोष्टींना आठ-पंधरा दिवस लागले तरी चालतील, हिला नाही. ती आजच बंद करा. अशा पुड्यांत काय घातलंय हे धड लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू अंगाला सोसू न देणारं औषध, असेल आणि वर त्यानं दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात तेव्हा पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं देतात. भास होणाऱ्या माणसाला ते द्यायचं की नाही याचा तर दहादा विचार करतात, कारण त्यानं भास वाढू शकतात. शिवाय ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्याविरुद्ध कट करताहेत, त्याला एखाद्या सकाळी आईच्या हातात ती पुडी दिसली तर? ज्या एका हातचं तो अजून निमूट खातो, त्या हातावरचा त्याचा विश्वास उडेल. आईवर रागावू नका. लेकासाठी आपण काहीतरी करतोय, एवढाच त्या माउलीला आधार आहे. तो काढून घेताना तिला दुसरं काम द्यावं लागेल, ते पुढे सांगते. उरलेल्या पुड्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी बाजूला ठेवा.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे ती सकाळची थरथर. त्याचं शरीर दारूवर अवलंबून झालंय, असा तिचा अर्थ. अशा माणसाची दारू घरात कोंडून एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत घाम, ताप, दिवस-रात्रीचं भान सुटणं, अंगावर किडे फिरताना दिसणं असं सुरू होऊ शकतं. घरच्यांना वाटतं, वेड वाढलं. खरं म्हणजे ती धावत दवाखान्यात न्यायची वेळ असते आणि उशीर झाला तर माणूस दगावतो. म्हणून दारू सोडवायचे पहिले काही दिवस इस्पितळातच काढायचे. तिथे थरथर आवरणारी औषधं देऊन ती पायरीपायरीनं कमी करतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, यकृत तपासतात. चुलत्यांची साखळी याही कारणानं धोक्याची आहे. मधेच फिट आली किंवा तो कुणाला ओळखेनासा झाला तर थांबू नका, १०८ला फोन करा.

घरात किंवा गोठ्यात फवारणीची औषधं असतील तर ती आजच दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. हा आजार आणि दारू एकत्र असली की जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका खूप वाढतो. पुष्कळदा तो विचार एखाद्या रात्रीपुरताच असतो. त्या रात्री हाताशी बाटली नसली तर माणूस वाचतो.

आता तुमचा प्रश्न, आधी कशावर? दोन्हींवर, एकाच वेळी आणि शक्यतो एकाच ठिकाणी. एक जागा मिळत नसेल तर निदान एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांकडून. 'आधी दारू सोडवा, मग या' हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि तो ऐकून कितीतरी घरं दोन दारांच्या मधे थकून बसली आहेत. तुमचा भाऊ चैनीसाठी पीत असेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. आवाज काही तास मंद होतात म्हणून, झोप लागते म्हणून, गोळ्यांनी येणारी बेचैनी सहन होत नाही म्हणून, आणि गुत्त्यावर तरी कुणी 'बस' म्हणतं म्हणून असे लोक पितात. आवाजांवर इलाज केल्याशिवाय त्याला दारू सोड म्हणणं म्हणजे त्याच्याकडे असलेला एकमेव उपाय काढून घेणं. उलट दारू तशीच ठेवून नुसत्या गोळ्या दिल्या तर झोप पुन्हा मोडते, गोळ्या चुकतात, भास परत येतात. दोन्ही आजार एकमेकांना जागं ठेवतात.

मग ही दोन दारं वेगळी का? आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान आणि देखरेख मुख्यतः सामाजिक न्याय खात्याकडे आहे आणि मनोविकारांचे उपचार आरोग्य खात्याकडे. प्रशिक्षण वेगळं, कागद वेगळे, माणसं वेगळी. कायद्यानं मात्र ही भिंत केव्हाच मोडली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २०१८च्या मे महिन्यापासून लागू. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. 'हा आमचा पेशंट नाही' असं तुम्हाला पुन्हा कुणी सांगितलं तर ही गोष्ट शांतपणे त्यांच्या कानावर घाला. आणि दारामागे खोळंबलेले तुम्ही एकटे नाही. २०१९ साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. नुसती दारू असलेल्यांची ही गत, मग तुमच्या भावासारख्यांचं काय होत असेल, याची कल्पना करवत नाही.

दोन्ही उपचार एका चमूनं करायचे, ही पद्धत आता चांगली रुळलेली आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डॉ. रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नीट बसवली. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेशंट पहिल्या दिवशी 'दारू सोडतो' म्हणाला नाही तरी त्याला परत पाठवत नाहीत. आधी नुसती ओळख, विश्वास, जेवणखाण, झोप. मग हळूहळू पटवणं, मग प्रत्यक्ष सोडणं, मग पुन्हा न घसरण्याची तयारी. याला महिने नाही, वर्षं लागतात, आणि मधे घसरण झाली तर त्याला हाकलून न देता पुन्हा मागच्या पायरीवर घेतात. तुमच्या भावाची गाडी पहिल्या पायरीवर आहे. त्याला चौथ्या पायरीची अट घातली जात होती.

तुमच्या साताऱ्याशी जोडलेली एक गोष्ट सांगते. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन मदत केली तर फरक पडतो का, हे तपासणारा एक मोठा प्रयोग सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झाला आणि २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घरी जाणारे लोक डॉक्टर नव्हते. ती त्याच भागातली, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. ती गोळ्यांची चौकशी करायची, घरच्यांना आजार समजावायची, पेशंटला कामाला, बाजाराला, लोकांत जायला मदत करायची. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा अशी जोड मिळालेल्यांची लक्षणं आणि रोजच्या व्यवहारातली अडचण थोडी जास्त कमी झाली. फरक डोळे दिपवणारा नव्हता, तरी खरा होता. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं दारूच्या बाबतीतही असंच काम केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, दारूचा त्रास असलेल्या पुरुषांशी प्रशिक्षित सामान्य समुपदेशक मोजक्या भेटींत बोलले आणि त्यांच्यातल्या जास्त जणांचं पिणं आटोक्यात आलं. म्हणजे मोठी इमारत जवळ नाही म्हणून सगळं अडतंच असं नाही. पण तुमच्या भावाला डॉक्टर लागणारच. दोन आजार एकत्र असताना नुसत्या समुपदेशनावर विसंबू नका.

हा चमू तुम्हाला तयार मिळणार नाही, बांधावा लागेल. पहिला थांबा जिल्हा रुग्णालय, आपलं सिव्हिल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि परिचारिका असा गट असतो आणि तो ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही जातो. केसपेपर काढल्यावर डॉक्टरांइतकीच सोशल वर्करची भेट मागा. सगळ्यांना जोडून ठेवण्याचं काम त्यांचं असतं. डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटंच मिळतील, तेव्हा सांगण्याचा क्रम पाठ करून जा. आवाज कधीपासून, दारू कधीपासून आणि रोज किती, सकाळची थरथर, आधीच्या केंद्रात गोळ्या थांबल्यावर काय झालं, आणि ती पावडर. मग विचारा, 'डॉक्टर, दारू उतरवणं आणि मनाच्या गोळ्या, दोन्ही इथेच भरती करून एकदम करता येईल का?'

आईसाठीचं काम आता. एक साधी वही करा. तिला लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोराकडून लिहून घ्या. रोज चार ओळी, असं:

सोमवार. झोप दोन तास. गोळी घेतली. संध्याकाळी एक क्वार्टर. 'टाकीवरचे लोक नाव घेतात' म्हणाला.
मंगळवार. झोप नाही. गोळी नाही, प्यायला होता म्हणून मी दिली नाही. दोन क्वार्टर. जेवला नाही.

तीन-चार आठवड्यांची अशी वही डॉक्टरांना जे दाखवते ते तुमच्या-माझ्या बोलण्यातून येत नाही. भास आधी वाढतात की दारू आधी वाढते, झोप कधी मोडते, गोळी कुठे चुकते, सगळं त्यात दिसतं. वरच्या मंगळवारसारखा दिवस बहुतेक घरांत येतो. 'दारूवर गोळी नको' असं घरच्यांना वाटतं आणि मग गोळ्या कायमच्याच सुटतात. प्यायलेल्या दिवशी कोणती गोळी द्यायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. झोपेच्या काही गोळ्या दारूबरोबर खरोखर घातक असतात, पण बाकीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवू नका. रोजची गोळी जमतच नसेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं घ्यायची इंजेक्शनं असतात, त्याबद्दल विचारा. त्याला समजावून, त्याच्या होकारानं. तो बिडी ओढत असेल तर तेही सांगा. बिडीच्या धुरानं ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या भासांवरच्या गोळ्यांचा रक्तातला अंश कमी होतो आणि बिडी एकदम बंद झाली की वाढतो. केंद्रात भरती करताना ही बारीकशी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

इस्पितळातून दारू उतरल्यावर व्यसनमुक्ती केंद्राचा विचार करा. त्याआधी केला तर तुम्हाला पुन्हा तोच अनुभव येईल. केंद्राला फोन करून सरळ विचारा. मनोविकारतज्ज्ञ येतात का, आठवड्यातून कितीदा? आधीच्या गोळ्या चालू ठेवता का? मारहाण, बांधणं, फोन-भेट बंद असले नियम आहेत का? घरी सोडल्यावर फॉलोअप कोण करतं? गोळ्यांच्या प्रश्नावर 'इथे सगळ्या गोळ्या बंद' असं उत्तर आलं तर पुढे बोलू नका. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य दोन्हींत काम करते, तिथे जाऊन या. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून या कामात आहे, त्यांनाही विचारा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणारे लोक एकमेकांना आधार देतात ती संघटना, तिच्या मीटिंगला तो गेला तर उत्तमच. तिथे एखादा उत्साही सभासद म्हणेल, 'गोळ्याही नशाच, सोडून दे.' त्याचं ऐकू नये. औषधांच्या बाबतीत कुणा सभासदानं डॉक्टर होऊ नये, अशी त्या संघटनेचीच भूमिका आहे.

गावात कोण? आशाताईंना विश्वासात घ्या. जवळच्या आरोग्य केंद्रात इंजेक्शन देता येईल का, हे त्या विचारू शकतील. एखादा मित्र, चुलतभाऊ, ज्याच्याबरोबर तो अजून बोलतो, असा एक माणूस हेरा आणि त्याला एवढंच काम द्या, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी त्याला घेऊन फिरायला जायचं, गुत्त्याच्या उलट दिशेनं. आईला ग्रामदेवतेला नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या. देवऋषीनं गोळ्या बंद करायला सांगितल्या तर मात्र ठाम राहा. 'लग्न लावून द्या, सुधारेल' असा सल्ला येत असेल, तर त्यालाही ठाम नाही म्हणा. एका परक्या मुलीचं आयुष्य यात ओढायचा आपल्याला अधिकार नाही.

साखळीबद्दल चुलत्यांना हे वाचून दाखवा. २००१च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालायला २०१७च्या कायद्याच्या ९५व्या कलमानं बंदी आहे. तो अंगावर धावून जात असेल, स्वतःला इजा करत असेल तर त्याच कायद्यात मार्ग आहे. त्याची संमती नसली तरी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी करून, ३० दिवसांपर्यंत त्याला भरती करता येतं. ही प्रतिनिधी तुम्ही होऊ शकता. तो बरा असताना, शांत असताना, त्याच्याशी बसून ते लिहून ठेवा. पुढे बिघडलो तर मला कुठे न्या, कोणतं औषध मला सोसत नाही, कुणाला बोलवा, हेही त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. कायदा त्याला हा अधिकार देतो. त्याला कुणी शेवटचं कधी विचारलं होतं की तुला काय हवंय?

आणि कायमचं ठेवण्याबद्दल. हे विचारलंत म्हणून तुम्ही वाईट बहीण ठरत नाही. दमलेलं माणूस हेच विचारतं. पण कायमचं ठेवणारी जागा शोधण्यात तुमची शक्ती घालवू नका. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं उपचारांसाठी आहेत. घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला तिथे ठेवून घ्यायचं नाही, समाजात राहण्याचा हक्क त्याला आहे, असं कायदा सांगतो. माझंही मत तेच आहे. मात्र याचा अर्थ सगळं ओझं आईनं आणि तुम्ही वाहायचं, असा होत नाही. मधल्या सोयी मागा. इस्पितळातले दिवस, केंद्रातले महिने, जिथे असेल तिथे दिवसाचं पुनर्वसन केंद्र. आजार दीर्घकाळाचा असल्यानं सिव्हिलमधूनच अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला मिळाला की काही योजनांना अर्ज करता येतो.

तुमच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, दोन लहान मुलं आहेत म्हणून. कऱ्हाडहून सगळं तुम्हीच धावून करायचं ठरवलंत तर दोन महिन्यांत तुम्ही आजारी पडाल. भावाच्या दारूसाठी पैसे देणं आणि त्याच्या उधाऱ्या फेडणं तुम्ही आणि आई दोघींनी एकाच दिवशी थांबवा, आणि ते त्याला आधी शांतपणे सांगा. जेवण, गोळ्या, प्रवासखर्च चालूच ठेवा. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग असतात, जवळ कुठे आहे ते विचारून महिन्यातून एकदा तरी जा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तो भावासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे. नुसत्या व्यसनाच्या चौकशीसाठी १४४४६.

सिव्हिलला जाऊन आलात की डॉक्टर काय म्हणाले, सोशल वर्कर भेटल्या का, ते कळवा. केंद्रांनी त्या प्रश्नांना दिलेली उत्तरं जशीच्या तशी लिहून पाठवा, म्हणजे कुठे भरती करायचं यावर आपल्याला नीट बोलता येईल.